अडकलेला भत्ता आणि मुकादमाची उचल

ताई, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातला. साडेतीन वर्षं वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराकडून एका कंपनीच्या प्रेसशॉपला कामाला होतो. पगार पंधरा हजार, त्यातून ईएसआय-पीएफ कापायचे. ३१ ऑगस्टला सुपरवायझर म्हणाला, ऑर्डर कमी झाल्यात, उद्यापासून येऊ नका, लागलं तर फोन करू. फोन काही आला नाही. हिशेब घ्यायला गेलो तेव्हा ठेकेदाराच्या माणसानं दोन-तीन कागदांवर सह्या घेतल्या. वाचू दिलं नाही.

शेजारच्या खोलीतल्या एकाला ईएसआयचा बेरोजगारी भत्ता मिळाला होता. त्याचं बघून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन सेंटरवरून मीही अर्ज भरला. त्याचे पैसे वीस दिवसांत आले होते. माझी दिवाळी गेली तरी पत्ता नाही. सेंटरवाला म्हणतो, पेंडिंग दाखवतंय. शाखेत गेलो तर खिडकीवरचे साहेब म्हणाले, ठेकेदाराकडून माहिती यायची आहे. ठेकेदार फोन उचलत नाही. निम्मा पगार म्हणजे महिन्याला साडेसात हजार येतील असं धरून मी खोलीभाडं आणि किराणा उधारीवर ठेवला. मध्ये एकदा ठेकेदार बदलला तेव्हा दोन महिने ब्रेक पडला होता, त्याचा काही संबंध आहे का तेही कळत नाही.

मेहुणा ऊसतोडीच्या टोळीत आहे. म्हणतो, एक कोयता (नवरा-बायकोची जोडी) कमी पडतोय, टोळीच्या मुकादमाकडून उचल (हंगामाची आगाऊ रक्कम) घ्या अन् चला कारखान्यावर. बायको म्हणते, बचत गटातून घेऊ पण पोरीची चौथीची शाळा मोडायची नाही. गावाकडं वडलांना काम गेल्याचं अजून सांगितलेलं नाही. ताई, हे पैसे नक्की कोणत्या तारखेला येतात? का ठेकेदारानं खाल्ले? काही सुधरत नाही.

– एक कामगार, रांजणगाव शेणपुंजी

भाऊ,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यानं तुमची झोप उडालेली दिसते. हा पैसा ठेकेदाराच्या हातातून जातच नाही, त्यामुळे तो खाऊ शकत नाही. राज्य कामगार विमा महामंडळ, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो, ते थेट तुमच्या बँक खात्यात पैसे टाकतं. पण ठेकेदार हा पैसा अडवू मात्र शकतो, आणि त्यासाठी त्याला काही करावं लागत नाही. नुसतं हातावर हात ठेवून बसलं तरी पुरतं. तुमच्याकडे तेच झालं असावं असं पत्रावरून वाटतं.

आता तारीख. पगाराची जशी सात किंवा दहा तारीख ठरलेली असते, तशी या भत्त्याला तारीख नाही. तुम्ही ज्या योजनेतून अर्ज भरलाय ती अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ पासून ती सुरू झाली. तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे आणि काम गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं. कोरोनाच्या साली, २०२० मध्ये, रक्कम ५० टक्के झाली आणि थांबण्याचे दिवस ३० झाले. आयुष्यात मिळून जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता. ही योजना ठरावीक मुदतीची आहे आणि सरकार ती मुदत वाढवत आलंय, म्हणून शाखेत गेलात की सध्याचा नियम काय आहे हेही एकदा विचारून घ्या.

दावा आल्यावर तो पंधरा दिवसांत निकाली निघावा असं त्याच वेळी सरकारनं जाहीर केलं होतं. तुमच्या शेजाऱ्याचे वीस दिवसांत आले ते त्यामुळेच. त्याची कागदं सरळ होती, एवढाच तुमच्यातला आणि त्याच्यातला फरक. त्याचं नशीब आणि तुमचं नशीब असं काही मनात आणू नका.

तुमचं काम ३१ ऑगस्टला गेलं. तीस दिवस भरले ३० सप्टेंबरला. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भरलेला अर्ज वेळेवरच आहे. पण इथे एक गोष्ट सेंटरवाला सांगत नाही. पुढच्या दिवसांचा भत्ता आज मागता येत नाही, जेवढे दिवस बेकारीत उलटून गेले तेवढ्यांचाच दावा करता येतो. तुम्ही त्या आठवड्यात अर्ज केला म्हणजे फार तर सप्टेंबरचा दावा लागला असेल. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा अजून मागितलेलाच नाही. तुमचे नव्वद दिवस २९ नोव्हेंबरला भरतात. शेजाऱ्यानं बहुधा तीन महिने काढून एकदम दावा केला असेल, तसं असेल तर त्याच्या खात्यात मोठी रक्कम एकदम आली असेल. तुमची आली तरी पहिली तीस दिवसांचीच येईल. सेंटरवर जाऊन अर्जात कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत लिहिलंय ते आधी बघा आणि उरलेल्या दिवसांचा दावा लावायचं विसरू नका.

मग पंधरा दिवसांचे दीड महिना का झाले? दर महिन्याची ईएसआयची वर्गणी मालकानं किंवा ठेकेदारानं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. भरताना प्रत्येक कामगाराच्या नावासमोर किती दिवस काम झालं ते टाकावं लागतं. शून्य दिवस असतील तर कारण निवडावं लागतं आणि शेवटचा कामाचा दिवस लिहावा लागतो. तुम्ही ऑगस्टचा पूर्ण महिना काम केलंत, त्यामुळे ऑगस्टच्या भरण्यात तुम्ही अजून नोकरीवरच दिसता. 'हा माणूस गेला' हे कळणार सप्टेंबरच्या भरण्यात, आणि तो भरायला ठेकेदाराला १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ होता. तुम्ही अर्ज केलात तेव्हा ईएसआयच्या संगणकात तुम्ही कामावर हजर होतात. नोकरीवर असलेल्या माणसाला बेरोजगारी भत्ता कसा देणार? आणि ठेकेदारानं त्यानंतरही तुमच्या नावासमोर नुसतं शून्य टाकलं असेल, कारण निवडलंच नसेल, तर फाईल तिथंच बसून राहते. खिडकीवरचे साहेब 'माहिती यायची आहे' म्हणाले ती हीच माहिती असणार.

त्याहून मला काळजी वाटते ती कारणाची. त्या यादीत रजा, निवृत्ती, संप किंवा टाळेबंदी अशी बरीच कारणं आहेत. 'नोकरी सोडली', 'कपात' (म्हणजे मालकानं माणसं कमी केली) आणि 'काम नाही' ही तीन वेगवेगळी कारणं आहेत. ठेकेदारांना 'नोकरी सोडली' टाकायची सवय असते, कारण त्यात पुढे कुणी काही विचारत नाही. पण या योजनेत स्वतःहून काम सोडून गेलेल्याला भत्ता नाही. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलेल्याला नाही, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला नाही, निवृत्तीचं वय झालेल्यालाही नाही. तुम्ही वाचू न दिलेल्या कागदांवर सह्या केल्यात. त्यातला एखादा राजीनामा असण्याची शक्यता मी नाकारत नाही. तसा असेल तरी सगळं संपलं असं नाही, पण ते आजच माहीत करून घ्या. दावा फेटाळल्यावर कळून उपयोग नाही.

ते कळायला तुम्हाला सेंटरवाल्याची गरज नाही. ईएसआयच्या संकेतस्थळावर विमाधारकाचं स्वतःचं लॉगिन असतं. तुमचा दहा आकडी विमा क्रमांक टाकून ते उघडतं. तिथे महिन्यामागून महिना किती दिवस आणि किती पगारावर वर्गणी भरली गेली ते दिसतं. पोरीच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला मोबाइलवर उघडून द्यायला सांगा. आधी बघा की तुमच्या पगारातून कापलेली रक्कम खरंच भरली गेली का. पंधरा हजारांवर तुमचा वाटा पाऊण टक्का, म्हणजे ११३ रुपये, आणि मालकाचा सव्वातीन टक्के, म्हणजे ४८८ रुपये. कापून घेतले आणि भरले नाहीत, तर तो गुन्हा आहे आणि ती तक्रार वेगळी करायची.

मग ब्रेकचं. त्याचा संबंध दोन ठिकाणी येतो. पात्रतेसाठी काम जाण्याआधी दोन वर्षं विम्यात असावं लागतं. शिवाय लगेच आधीच्या सहा महिन्यांच्या कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी, आणि त्याआधीच्या तीन कालखंडांपैकी एकात ७८ दिवसांची. हे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे धरतात. सहा महिन्यांत ७८ दिवस म्हणजे साधारण निम्मे कामाचे दिवस. दोन महिन्यांच्या ब्रेकनं तुम्ही अपात्र ठरत नाही, ती भीती सोडा.

पण ठेकेदार बदलला तेव्हा नव्या माणसानं तुमचा जुना विमा क्रमांक लावला का? वाळूजच काय, चिकलठाण्याला, शेंद्र्याला, जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांत हे सर्रास होतं. नवा ठेकेदार आधीचा नंबर विचारत नाही, सरळ नवा काढतो. विमा क्रमांक आयुष्यभर एकच असायला हवा. दोन झाले की तुमची साडेतीन वर्षं दोन तुकड्यांत पडतात, आणि नव्या नंबरावर दोन वर्षं भरलेलीच दिसत नाहीत. जुनं ईएसआय कार्ड आणि नवं कार्ड समोरासमोर ठेवून आकडे ताडून बघा. वेगळे असतील तर शाखेत दोन्ही नंबर एकत्र करण्याचा अर्ज द्या. हे काम झाल्याशिवाय दावा पुढे सरकणार नाही, मग ठेकेदारानं बाकी सगळं केलं तरी.

रकमेबद्दलही सांगायला हवं, कारण त्याच्या भरवशावर तुम्ही उधारी केलीय. पन्नास टक्के म्हणजे हातात येणाऱ्या पगाराच्या निम्मे नव्हेत. मागच्या चार कालखंडांत मिळून जेवढी कमाई झाली तिला ७३० दिवसांनी भागतात, आणि जे येईल त्याचा निम्मा म्हणजे रोजचा भत्ता. तुमचा ब्रेक त्या दोन वर्षांत पडला असेल, तर चोवीसऐवजी बावीस महिन्यांची कमाई धरली जाईल. तीन लाख तीस हजार भागिले ७३०, म्हणजे दिवसाला ४५२ रुपये. त्याचे निम्मे २२६. तीस दिवसांचे सुमारे ६,७८०, नव्वद दिवसांचे सुमारे २०,३४०. ब्रेक नसता तर नव्वद दिवसांचे बावीस हजारांच्या आसपास झाले असते. साडेसात हजार महिना असा हिशेब दुकानदाराला सांगितला असेल तर आजच दुरुस्त करून सांगा. किराणावाला उशीर सहन करतो, पण सांगितलेला आकडा खोटा निघाला की त्याचा विश्वास जातो.

खात्याचंही बघून घ्या. आधारवरचं नाव, ईएसआयमधलं नाव आणि पासबुकावरचं नाव इंग्रजीत एकसारखं आहे का? आपल्याकडे ज्ञानेश्वर हे नाव तीन प्रकारांनी लिहितात आणि आडनाव कधी आधी, कधी शेवटी. बँकेचं विलीनीकरण झालं असेल, उदाहरणार्थ देना बँक २०१९ मध्ये बडोदा बँकेत गेली, तर जुना आयएफएससी कोड चालत नाही. मंजूर झालेले पैसे परत जाण्याचं हे अगदी साधं कारण असतं.

आता काय करायचं. खिडकीवर तोंडी विचारून परत येऊ नका. एक साधा अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. मजकूर असा चालेल:

'मी, विमा क्रमांक अमुक, दिनांक ३१ ऑगस्टपर्यंत अमुक ठेकेदारामार्फत अमुक कंपनीत कामावर होतो. काम नसल्याचे कारण सांगून मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असे सांगण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या आहेत. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखालील माझा दावा अमुक तारखेपासून प्रलंबित आहे. मालकाकडील पडताळणी आपल्या स्तरावर करून दावा निकाली काढावा आणि तो कोणत्या कारणाने थांबला आहे ते लेखी कळवावे.'

'पडताळणी आपल्या स्तरावर' हे मी मुद्दाम लिहिलंय. २०२० च्या बदलात हेच झालं. आधी दावा मालकामार्फत यायचा, आता कामगार थेट शाखेत दावा करतो आणि मालकाकडे विचारणा करणं हे शाखेचं काम. ठेकेदाराच्या दारात तुम्ही हेलपाटे मारायचे नाहीत. सेंटरवाल्यानं स्टॅम्पपेपर आणि नोटरीचे पैसे मागितले तर देऊ नका, प्रतिज्ञापत्राची अट २०२० च्या अखेरीस काढून टाकलीय.

याच अर्जाची एक प्रत कंपनीच्या एचआरला द्या, ठेकेदाराला नव्हे. ठेका कामगारांच्या ईएसआयची अंतिम जबाबदारी ज्या कंपनीत काम होतं तिच्यावर, म्हणजे मुख्य मालकावर असते. ठेकेदाराचं बिल तिथून निघतं. तुमचा फोन न उचलणारा माणूस त्यांचा फोन उचलतो.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ईएसआयच्या १८००-११-२५२६ या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवा. विमाधारकांच्या अडचणी समोरासमोर ऐकायला ईएसआय कार्यालयं 'सुविधा समागम' भरवतात, त्याची तारीख शाखेत विचारा आणि पोच घेऊन जा. केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवरही लिहिता येतं. त्यानंही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात, दहा रुपये शुल्कात, 'माझा दावा सध्या कुणाकडे, किती दिवसांपासून आणि कोणत्या कारणाने आहे' एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याचदा उत्तराआधी पैसेच येतात.

यातून एक मोठी गोष्ट निघू शकते, म्हणून ती वेगळी सांगते. तुमच्यासोबत आणखी किती जणांना काढलं? ऑर्डर कमी झाल्या म्हणून काढलं असेल, तर ती कायद्याच्या भाषेत कपात आहे. वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. शिवाय कपात किंवा कारखाना बंद पडल्यामुळे काम गेलेल्यांसाठी ईएसआयची दुसरी योजना आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. ती २००५ पासून आहे. तिच्यात दोन वर्षं विमा भरलेल्याला पहिले बारा महिने सरासरी पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के मिळतात, कुटुंबाच्या औषधोपचारासह. नव्वद दिवस कुठे आणि चोवीस महिने कुठे! ठेकेदार 'कपात' का लिहीत नाही हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. एकाच दिवसांसाठी दोन्ही योजनांचे पैसे घेता येत नाहीत, पण कुठला दावा करायचा हे ठरवायच्या आधी सोबतच्या काढलेल्या मुलांना घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा वाळूजमधल्या एखाद्या कामगार संघटनेकडे एकदा जा. एकट्याचं म्हणणं 'तोच सोडून गेला' म्हणून उडवता येतं. सात-आठ जण एकाच दिवशी स्वतःहून सोडून गेले, हे कुणाला पटणार?

मेहुण्याचं ऐकू नका, असं मी सांगेन. तुम्ही गेवराईचे आहात, उचल म्हणजे काय ते मी तुम्हाला शिकवायला नको. ती अंगावर घेतली की कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, फड सोडता येत नाही, आणि काम कमी भरलं तर बाकी पुढच्या हंगामावर फिरते. वीस हजारांच्या भत्त्याला उशीर झाला म्हणून सहा महिने आणि पोरीचं चौथीचं वर्ष देऊन टाकायचं? त्यात पुन्हा जोडप्यानं जायचं म्हणजे पोरीला एकतर फडावर न्या, नाहीतर म्हाताऱ्यांकडे ठेवा. तुमची बायको बरोबर बोलतेय. आणि एक सांगून ठेवते, भत्त्यासाठी 'मी बेकार आहे' असं आपण लिहून देतो. उसाला गेल्यावर त्या दिवसांचा भत्ता मागणं खोटं ठरेल आणि खोटं निवेदन पुढे अंगाशी येतं. इथे दुसऱ्या कंपनीत काम मिळालं तर मात्र बिनधास्त धरा. त्या दिवसापासून भत्ता थांबतो, आधीच्या दिवसांचा हक्क जात नाही.

बचत गटातून घ्यायचं असेल तर भाडं आणि किराणा भागेल एवढंच घ्या, आणि परतफेड भत्त्यावर लावू नका, बायकोच्या किंवा तुमच्या चालू कमाईवर लावा. आठवड्याला वसुली करणाऱ्या फायनान्सवाल्यांना दारात उभं करू नका. घरमालकाला पोच दाखवा आणि महिनाभराची मुदत मागा. त्यानंही एमआयडीसीतली अशी भाडेकरू कुटुंबं बघितलीत. पीएफ लगेच सगळा काढायच्या मागे लागू नका, ती तुमची एकुलती एक शिल्लक आहे.

वडलांना सांगा. तुम्ही त्यांना काळजीतून वाचवताय असं तुम्हाला वाटतं, पण मेहुण्याला माहीत आहे म्हणजे गावात कळायला किती दिवस लागणार? तुमच्या तोंडून कळलं तर ते तुमच्या बाजूनं उभे राहतील. घरात ज्वारीचं एखादं पोतं असेल तर तेही तुमच्यापर्यंत येईल, आणि ते घेण्यात काही कमीपणा नाही.

औषधोपचाराचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. काम गेलं म्हणून ईएसआयचा दवाखाना लगेच बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या कालखंडात तुमचे ७८ दिवस भरलेले आहेत, त्याचा लाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनपर्यंत चालतो. घरात कुणाचं रोजचं औषध चालू असेल तर बाहेर पैसे घालू नका.

आणि सेंटरवर जाल तेव्हा अर्जात मोबाइल नंबर कुणाचा आहे ते तपासा. घाईत सेंटरवाले स्वतःचाच टाकतात. तसं असेल तर ओटीपी आणि दाव्याचे सगळे मेसेज त्याच्याकडे जात असतील, आणि शाखेनं एखादा कागद मागितलेला असेल तरी तुम्हाला पत्ताही नसेल. तो नंबर बदलून स्वतःचा घालून घ्या. दोन्ही विमा क्रमांक ताडून बघितल्यावर काय निघतंय ते मला कळवा, पुढचं त्यावर ठरवू.